आधी काय, मग काय

माझ्या साडूइतका क्रमाने वागणारा माणूस शिरूर तालुक्यात दुसरा नसेल. दौंडचं मी सांगत नाही, तिकडे माझं जाणं कमी. नोकरी कारेगावच्या कारखान्यात, पण जीव अडकलाय लिस्प नावाच्या, कंसांनी गच्च भरलेल्या एका जुन्या संगणकभाषेत. त्या भाषेतले शेकडो प्रोग्राम एकमेकांवर अवलंबून असतात. कोणता आधी तयार करायचा, कोणता मग, आणि ज्यात बदल नाही त्याला हात लावायचा नाही, हे ठरवणारी यंत्रणा तो दर रविवारी सकाळी फुकट सांभाळतो. हे खूळ घरातही उतरलंय. मेहुणी झाडायला लागली की हा विचारतो, कालपासून या खोलीत कोणी आलंय का, नाही ना, मग झाडायची कशाला? ती झाडू त्याच्या पायांवरून फिरवते.

निमोणे गावातल्या एका लग्नात तर कहर झाला. गॅसच्या टाक्या टेम्पोने आणायच्या होत्या. टेम्पोवाला म्हणे, जेवल्याशिवाय हलणार नाही. आचारी म्हणे, गॅसशिवाय शेगडी पेटणार नाही. चारशे माणसं खोळंबलेली आणि हा मांडवात हरखून उभा. "दाजी, फेरा पडलाय बघा. मशीनमधी आठवडाभर हुडकला तरी इतका चोख घावत न्हाई." मग स्टँडवरचे दोन वडापाव टेम्पोवाल्याला चारून त्याने तो फेरा तोडला. मी घड्याळ लावून बसलो होतो: जेवण एक तास दहा मिनिटं उशिरा, त्यातली पंचवीस मिनिटं याच्या आनंदाची.

गेली दोन वर्षं तो यंत्रणेची नवी आवृत्ती घडवत होता. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या सहाशे ओळी कापल्या, तेव्हा अकरा मिनिटांचं काम चार मिनिटांत होऊ लागलं. त्या दिवशी त्याने गल्लीत पेढे वाटले. पण नव्या आवृत्तीत परदेशातल्या एकाचा प्रोग्राम मोडत होता. साडूने त्याला पाठवलेल्या तिसऱ्या मेलला त्या माणसाच्या लेकीचं उत्तर आलं: वडील गेले, गावच्या वाचनालयाची पुस्तकं आम्ही अजून त्याच प्रोग्रामात नोंदतो, दुरुस्त करणारं कोणी नाही.

मेहुणी म्हणाली, "अहो, मग त्यांचा तेवढा दुरुस्त करून द्या की. एकापायी दोन वर्षं मातीत घालता व्हय?"

मलाही हिशेब पटला होता.

"दाजी, उत्तर आलं ते एकाचं," तो म्हणाला. "ज्यांचं आलं न्हाई, ते किती हायेत, मोजा बरं."



मागच्या रविवारी त्याने सहाशेच्या सहाशे ओळी परत बसवल्या. वर एक टीप लिहिली आणि मला मराठीत वाचून दाखवली: हे काढू नका, कोणीतरी यावर विसंबून आहे. ही कोणासाठी, मी विचारलं. "माझ्यामागनं ह्यो कारभार जो बघंल, त्याच्यासाठी." असा कोणी अजून आलेला नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी त्याने टीप पुन्हा एकदा वाचली, त्यातला एक शब्द सोपा केला, आणि मगच गार झालेल्या चहाला हात लावला.