मे महिन्याचा कॉम्प्युटर

सडक अर्जुनीतले माझे शेजारी गेमिंग कॉम्प्युटरचा एकेक भाग निवडताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारत, "मे मयन्यात टिकंल का?" ग्राफिक्स कार्ड त्यांनी पंखे मोजून घेतले, कॅबिनेट जाळी पाहून. मे आला, तसा घरातला एकुलता एक कूलर त्यांनी खाटांकडून कॉम्प्युटरकडे वळवला.

"मंग आमी काऊन उकडून राहिलो?" वहिनींनी विचारले.

"हा तापला तं बंद पडते. तू पडते का?"

वहिनींनी त्या दिवशी गॅस पेटवलाच नाही.

संध्याकाळी मी गेलो, तेव्हा कूलर स्वयंपाकघराच्या दारात होता. माझे शेजारी एका हाताने गेम खेळत होते आणि दुसऱ्या हातातल्या सुपाने कॉम्प्युटरला वारा घालत होते.

"हरून राहिलो," ते म्हणाले, "पण जेवण भेटलं."