वसंताभाऊंचा धूमकेतू अन् तिवारीजींचा दिवा

आकाशाचे फोटो काढणाऱ्याच्या घरी फोटो कमी अन् किस्से जास्त जमतात. ढग आले की करणार काय? चहा प्यायचा अन् एकमेकांची उडवायची. आमचे वसंताभाऊ रिछाईच्या कारखान्यातून रिटायर झाले, पण गच्चीवरच्या ड्यूटीतून काही सुटले नाहीत. मदन महल मोहल्ल्यात त्यांच्या गच्चीवर आम्ही तीन-चार रिकामटेकडे जमतो, म्हणून हे सगळं माहीत.

*

भाचीच्या लग्नात ऐन हार घालताना लाइट गेली. बाकीचे घाबरले, भाऊ खुश. कॅमेरा स्टँडवर लावून म्हणाले, "अर्धा मिनिट कोणी हलू नका." लग्नात कोण ऐकतं! फोटोत नवरा-नवरीचं धुकं झालं अन् मागे खुर्चीत घोरणारे नवऱ्याचे मामा तेवढे साफ आले. भाचीच्या सासरी हॉलमध्ये आता मामाच लटकून राहिले आहेत.

*

गच्चीवर भाऊंच्या दुर्बिणीची अन् वहिनींच्या पापडांची हद्द ठरलेली आहे. एकदा माकडानं लेन्सचं झाकण पळवलं अन् पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं. भाऊ त्याला हिंदीत समजावून राहिले होते. वहिनींनी पापडांपाशी ठेवलेली गुलेल उचलली, रबर ताणून खडा सोडला. झाकण खाली, माकड पळालं.

"तुमच्या निशाण्याला दोन तास लागतात," एवढंच म्हणाल्या अन् पापड उलटवायला लागल्या.

*

शेजारच्या तिवारीजींना साडेसाती. भाऊंनी हौसेनं त्यांना दुर्बिणीतून शनी दाखवला. तिवारीजींनी चपला काढल्या, डोळा लावला अन् घाईनं मागे सरले.

"भैया, ज़रा उधर घुमा दो. सीधा हमको ही देख रहा है."

तेव्हापासून त्यांनी अंधाराचाच धसका घेतला. नगरसेवकाच्या मागे लागून दोन्ही घरांच्या मधल्या खांबावर भलामोठा दिवा लावून घेतला. भाऊंच्या गच्चीवर आता रात्री पेपर वाचता येतो, तारे मात्र दिसत नाहीत.

*

भाऊ तक्रार घेऊन महापालिकेच्या ऑफिसात गेले. दिवा बंद पडला का, बाबूनं विचारलं. नाही, चालू आहे, हीच तर तक्रार आहे, भाऊ म्हणाले. बाबूनं पेन खाली ठेवला.

"अंकल, घर में सब ठीक है?"

*

मग धूमकेतू आला. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला थोडाच वेळ दिसायचा, तोही नेमका त्या खांबाच्या डोक्यावर. आठवडाभर ढग. शेवटच्या संध्याकाळी आभाळ साफ झालं. उद्यापासून तो दिसणार नव्हता अन् परत येईल तेव्हा आपली पणतवंडंही नसतील. भाऊंनी कॅमेरा लावला अन् दिवा लागला. स्क्रीन पांढरीफटक.

माणूस खालीच बसला हो. "जन्मभर याचीच वाट पाहून राहिलो होतो," म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं. वहिनी पापड गोळा करायला वर आल्या होत्या. त्यांनी भाऊंकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं अन् आम्हाला सांगितलं, चहा खाली ठेवला आहे, जाऊन प्या.

आम्ही जिन्यात होतो तेव्हा फट् आवाज झाला अन् गल्लीत अंधार पडला.

फोटो मोठा सुंदर आला, शेपटीसकट.

सकाळी तिवारीजी खांबाखालचे तुकडे दाखवून घरोघर विचारत होते, हे केलं कोणी. वहिनी गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं.

"क्या बताएँ भैया, बंदर बहुत हो गए हैं."