नोंद नसलेली मोरी

मुकादमांच्या नाकावर राग असतो हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यामुळे ते ओरडायला लागले की कोणी दार लावून घेत नसे आणि कोणी उघडतही नसे. एकतीस वर्षं त्यांनी रुळांवर काढली. टोळीत चौदा माणसं, सात किलोमीटरची हद्द, आणि रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी तपासणी. रुळांखालच्या आडव्या स्लीपरांमधलं अंतर असं, की एका पावलाला एक घ्यावा तर पाऊल आखडतं आणि दोन घ्यावेत तर ढांग फाटते. या सवयीने त्यांची चाल कायमची बिघडली. सपाट फुटपाथवरही ते एक पाऊल आखूड, एक लांब असंच टाकत. बायको म्हणायची, "तुमच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे लंगडी खेळायची."

नऊ वर्षांपूर्वी ती लाइन बंद झाली. रूळ भंगारात गेले आणि शहराच्या मधोमध मातीचा भराव तेवढा पडून राहिला. लोकांनी त्यावर कचरा टाकला. मग एक दिवस मोठा रंगीत फलक लागला. चालायला वाट, बसायला बाग, कडेने ट्राम, आणि चित्रातली सगळी माणसं हसणारी. मुकादम फलकापुढे बराच वेळ उभे राहिले आणि त्यांना शिव्या घालण्यासारखं काही सापडलं नाही. "चांगलं आहे," घरी येऊन ते म्हणाले. "लोक चालतील तरी." हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे हाच माणूस बागेचा वैरी म्हणून पेपरात छापला गेला. छापणाऱ्यांनी त्यांना एकदा विचारायचेही कष्ट घेतले नाहीत.

उलट बागवाल्यांनीच त्यांना आधी शोधून काढलं होतं. प्रकल्पाचे साहेब स्वतः घरी आले. "काका, तुमच्यासारख्यांच्या आठवणी आम्हाला जपायच्यात," म्हणाले. बागेत एक स्मृतिभिंत होणार होती, तिच्यावर मुकादमांचा फोटो लागणार होता. त्यांना जुना निळा गणवेश घालायला लावला. पोटावरचं बटण लागेना तेव्हा सदरा मागून चिमट्यांनी ओढून धरला. वर हातोडा खांद्यावर घ्यायला सांगितलं. हातोडा असा कोणी खांद्यावर मिरवत नाही. रूळ धरून ठेवणारी चावी सैल दिसली की ती ठोकायची असते, म्हणून तो हातात असतो. मुकादमांनी तसं सांगितलंही, पण फोटोवाला म्हणाला, "असा जास्त छान दिसतो."

फोटो झाल्यावर मुकादम साहेबांना म्हणाले, "चौथ्या किलोमीटरला भरावाखाली मोरी आहे. तेवढी बुजवू नका."

मोरी म्हणजे भरावाच्या पोटातून पाणी पलीकडे काढायची वाट. चढावरच्या वस्तीचं सगळं पाणी तिथे उतरतं. अलीकडे गल्ली, पलीकडे ओढा आणि मध्ये भराव आडवा. मोरी नसेल तर गल्लीचं तळं व्हायला एक दुपार पुरते.

साहेबांनी टॅब्लेटवर बोट फिरवलं. "नकाशात नाही, काका."

"नकाशात नसेल, जमिनीत आहे."

साहेब हसले आणि त्यांनी मुकादमांचा हात हातात घेऊन हलवला. त्यांना फोटोपुरता माणूस हवा होता, त्याच्या तोंडातली माहिती नको होती.

आता ती नकाशात का नव्हती, हे मुकादमांना पुरतं ठाऊक होतं, आणि तेच त्यांचं खरं दुखणं होतं.

गल्लीच्या अगदी तळाच्या घरात त्यांची थोरली बहीण राहते. आई गेल्यावर मुकादमांना तिनेच वाढवलं. शाळेच्या कचेरीत कारकून होती, अक्षर मोत्याचं, स्वभाव सुतासारखा सरळ. बावीस वर्षांपूर्वी सलग तीन वर्षं तिच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं. ताईने रेल्वेला अर्ज केले. एक नाही, अकरा. प्रत्येकाची प्रत पत्र्याच्या पेटीत तारखेप्रमाणे लावून ठेवली. उत्तर एकच यायचं, की विषय विचाराधीन आहे.

विचार काही संपेना. तेव्हा मुकादमांच्या डोक्यात सणक गेली. चौथ्या किलोमीटरला रूळ बदलायचे होते, त्यासाठी सहा तास गाड्या बंद ठेवायचा ब्लॉक मिळाला. टोळीने चार तासांत रूळ बदलायची तयारी उरकली आणि उरलेल्या वेळात, रूळ काढलेले होते तोवर, भराव आडवा कापला. तिथे तो जेमतेम कमरेइतका उंच होता. यार्डात कित्येक वर्षं पडलेले सिमेंटचे पाइप ढकलत आणले, बसवले, वर माती चोपली, खडी टाकली, रूळ जोडले. गाडी वेळेवर गेली. कोणाची परवानगी नव्हती. रुळाखाली विनापरवाना खोदलं हे कळलं असतं तर चौदाच्या चौदा जण घरी बसले असते. म्हणून त्या दिवशी रजिस्टरमध्ये मुकादमांनी लिहिलं, 'गवत काढले.' पुढे दरवर्षी पावसाआधी मोरीतला गाळ काढायचे, आणि दरवर्षी तीच नोंद. लाइन बंद झाल्यावरही मुकादम आणि टोळीतला बहिरा, दोघं जण खोरं घेऊन जायचे. बहिऱ्याला हे नाव ठोकाठोकीनेच मिळालेलं.

पाणी थांबलं. ताईला वाटलं, आपला अकरावा अर्ज लागू पडला. कशी फुलली होती! "बघितलंस? नेटाने लिहीत राहावं. दखल घेतात." मुकादमांनी मान डोलावली. बहिणीच्या तोंडावरचा तो आनंद त्यांना पुसवेना. पण बाई तिथे थांबली नाही, तिने रेल्वेला आभाराचं पत्र लिहिलं. 'चौथ्या किलोमीटरला आपण मोरी बांधून दिल्याबद्दल...' मुकादमांना घाम फुटला. "दे, मी टाकतो टपालपेटीत," म्हणाले, आणि भरावावर जाऊन त्याचे बारीक तुकडे केले. घाईघाईत लिहिलेल्या त्या पत्राची प्रत ताईने ठेवली नव्हती.

म्हणजे त्या मोरीची जगात एकच लेखी नोंद झाली होती, आणि ती मुकादमांनी स्वतःच्या हाताने फाडली होती.

फोटोनंतर महिनाभराने चौथ्या किलोमीटरला मातीचे ट्रक आले. गल्लीच्या बाजूला मोरीचं तोंड होतं तिथे मातीचा छान उतार झाला, वर हिरवळ अंथरली, आणि भरावावर लाल फरशीची वाट आली. मुकादम तडक साहेबांच्या कचेरीत गेले. साहेबांनी जुनं रेल्वे रजिस्टर मागवून घेतलं होतं, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पानं उलटली आणि म्हणाले, "चौथा किलोमीटर, गवत. गवत. पुन्हा गवत. काका, तेरा वर्षं चौदा माणसं एकाच जागी गवत काढत होती?" शेजारच्या टेबलावरचेही हसले.

मुकादमांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण यावेळी ओरडता येईना. त्यांनी होतं ते सगळं सांगून टाकलं, ब्लॉक, पाइप, परवानगी नव्हती ते. साहेबांचं हसू थांबलं.

"हे लेखी देता?" साहेबांनी विचारलं. "द्या. मी वर पाठवतो. पण रुळाखाली बेकायदा खोदकाम म्हणजे चौकशी लागेल. तुमच्यावर, आणि टोळीतले जे हयात असतील त्यांच्यावरही. या वयात कशाला? एक फावडं मारून बघायचं तरी आम्हाला कागद लागतो हो."

कागद लागतो! जमीन दोन हातांवर होती, फावडी दारात पडली होती, आणि यांना पाणी कुठून जातं हे कळायला कागद हवा होता. मुकादम समोर ठेवलेल्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिले. चौदांपैकी सहा जण उरले होते. एकाला नीट उठताही येत नव्हतं. त्याच्या दारात चौकशीचा माणूस पाठवायचा? त्यांनी लिहिलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणत ते परत आले. पण घडा पालथा घालणाऱ्यांत आपणही होतो हे त्यांना कळत होतं, आणि त्या दिवसापासून घरात भांडं जरी वाजलं तरी ते बायकोवर खेकसू लागले.

ताईने मात्र हिरवळ बघितली, चष्मा लावला आणि अर्ज लिहायला घेतला. गल्लीतल्या एकाने तिला सांगितलं, आजी, सगळे मिळून कचेरीत जाऊ, दंगा करू. ताई म्हणाली, "दंगा कशाला? मागच्या वेळी माझ्या अर्जावर त्यांनी मोरी बांधली होती." तिच्या शब्दाला मान होता. गल्लीतले दाखले, तक्रारी, सगळं तीच लिहून द्यायची. लोक घरी बसले. मुकादम दारात उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

उद्घाटनाला चार दिवस होते तेव्हा सकाळपासून पाऊस लागला. दुपारी दोनला गल्लीत घोटाभर पाणी होतं, तीनला गुडघाभर. मुकादम ताईच्या घरात शिरले तेव्हा ती पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती. चपला पाण्यावर तरंगत होत्या.

"ऊठ, ताई. चल."

"मी कुठेही येणार नाही. सकाळी फोन केला होता. अर्ज मिळालाय म्हणाले, माणूस पाठवतात."

"कोणी येत नाही गं!"

"मागच्या वेळी आले होते."

मुकादमांचा बांध तिथे फुटला. "मागच्या वेळीही कोणी आलं नव्हतं! मी केली ती मोरी. मी आणि माझ्या टोळीने. चोरून. तुझे अकरा अर्ज कोणी वाचलेसुद्धा नाहीत. आणि तुझं ते आभाराचं पत्र मी फाडून टाकलं."

पाणी पलंगाच्या आडव्या पट्टीला लागलं होतं. ताईने विचारलं, "बावीस वर्षं?"

"हो."

"आणि मी लोकांना सांगत होते, लिहा म्हणून."

मुकादम रडायला लागले. त्यांना रडताना ताईने आई गेली तेव्हाच काय ते बघितलं होतं. पण तिला दया आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने भावावर आवाज चढवला. "रडतोस काय माझ्यासमोर? कुठे आहे ती, माहीत आहे ना तुला? मग जा आणि फोड!"

जागा शोधावी लागली नाही. मुकादम आणि बहिरा पहारी घेऊन हिरवळीत शिरले. मागोमाग गल्ली आली, कोणी कुदळ, कोणी खोरं, एक बाई तर घमेलंच घेऊन. रखवालदार आडवा आला आणि म्हणाला, हे सरकारी आहे. बहिऱ्याला ऐकू गेलं नाही, बाकीच्यांनी ऐकलं नाही. उतार उकरला तरी पाइपचं पहिलं तोंड दगडमातीने गच्च भरलेलं. शेवटी वरची लाल फरशी फोडली, भराव वरून कापला, पाइपच फोडून मोकळा केला. पाणी आधी घोटाळलं, मग घुसलं आणि ओढ्याकडे धावलं. मुकादम प्रत्येक घावाला शिवी देत होते. त्यातल्या निम्म्या साहेबांना होत्या आणि निम्म्या स्वतःला.

दुसऱ्या दिवशी साहेब पोलिसांना घेऊन आले. वाटेला पडलेली ती खोल घळ त्यांनी बघितली, तिच्यातून अजून वाहणारं पाणीही बघितलं. तरी तोंडातून निघालं ते हेच, "सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान आहे हे. तीन दिवसांवर उद्घाटन आलंय. कोणी केलं?"

गल्ली चिखल काढायचं थांबली. मुकादम पुढे होणार, तेवढ्यात ताई घराच्या पायरीवर आली. रात्रभर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने पेटीतला एक कोरडा कागद त्यांच्यापुढे धरला, आणि पेन.

"लिही."

"बाकीच्यांचं काय, ताई? पाच जण आहेत अजून."

बहिऱ्याला बोलणं कळलं नव्हतं, पण कागद दिसला. तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "माझं नाव पहिलं घाल!"

मुकादम पायरीवर बसले. एकतीस वर्षं रजिस्टर भरलेल्या हाताने त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सुरुवात काय करू?"

"तारीख घाल. मग ब्लॉक, पाइप, माणसं, सगळं. माझं पत्र फाडलंस तेही लिही," ताई म्हणाली. तिने साहेबांकडे बघितलं आणि मग भावाकडे. "आणि विनंती कोणालाही करू नकोस. ती मी बारा वेळा केली."