फोटोत फेरफार नाही

नियम पाळण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरेल असा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात नाही, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांनी त्याला बाहेरून कडी लावून ठेवलं असणार. एसटीत खिडकीबाहेर हात काढू नये असं लिहिलेलं असतं, म्हणून स्टँडवर सोडायला आलेल्या पोटच्या मुलीला त्यांनी काचेआडून नुसती मान हलवून निरोप दिला होता. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं, तेव्हा पहिल्याच दिवशी पुणे रोडच्या कडेला थांबून त्यांनी मला फोन केला, "जावईबापू, अर्धा तास झाला. न्यायला या."

मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. केडगावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली फुलदाणी काढून मोठी झाली, आणि आता त्यांच्या घरात प्लास्टिकची फुलं आहेत. निवृत्त झाल्यावर मामांची एकच इच्छा उरली होती. मामींचं त्यांनी काढलेलं चित्र पुण्याच्या एखाद्या गॅलरीच्या भिंतीवर एकदा लागलेलं बघायचं. उंबऱ्यात बसून मेथी निवडणाऱ्या मामी, ओठांच्या कोपऱ्यात जेमतेम हसू. चित्र खरोखर चांगलं होतं. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसताना तुम्हाला थोडं वाईट वाटेल.

पण हल्ली चित्र काखेत मारून गॅलरीत जाता येत नाही. आधी त्याचा फोटो काढून त्यांच्या वेबसाईटवर चढवावा लागतो. हे काम माझ्याकडे आलं, कारण मी बँकेत कॉम्प्युटरसमोर बसतो. आता मी तिथं काय करतो हे बँकेलाही नीट माहीत नाही, पण जावई म्हटल्यावर पुरे. गॅलरीचे नियम मामांनी मला मोठ्यानं वाचायला लावले. फोटो थेट उन्हात नको. चित्राच्या कडा सरळ हव्यात. छायाचित्रात कोणताही फेरफार केलेला नसावा.

कडांसाठी मामांनी गवंड्याची पाणसळ मागून आणली. चित्र पाणसळीत आलं तेव्हा कळलं की गच्चीच पाणसळीत नाही, आणि मग गवंड्याला बोलावून त्याची शाळा घेण्यात एक रविवार गेला. ऊन नको म्हणून मामींनी कुंड्यांवर बांधलेल्या हिरव्या शेडनेटखाली चित्र मांडलं. मी फोटो काढला. फोटोत मामींचं तोंड मेथीच्या रंगाचं आलं.

"काही नाही मामा, मोबाईलवर जरा बोट फिरवलं की जाईल हिरवेपणा."

"नियम वाचा. छायाचित्रात फेरफार नको."

"मग काय करायचं?"

"चित्रात फेरफार करू नये असं कुठं लिहिलंय?" असं म्हणून मामा चित्र घेऊन खाली गेले आणि मामींच्या गालांना गुलाबी हात मारून वर आले.

मग दर रविवारी हेच. वर फोटो, खाली ब्रश. फोटोतल्या मामी हळूहळू माणसात येत होत्या आणि चित्रातल्या मामी भट्टीपुढं बसल्यासारख्या होत चालल्या होत्या. बिचारी मेथीसुद्धा तांबडी झाली. मामींनी एकदा चहा देता देता चित्राकडं बघितलं.

"मला काय ताप आलाय व्हय?"

"अगं, चित्र कोण बघतंय? निवडणारे फोटो बघतात. एकदा भिंतीवर लागलीस म्हणजे कळेल."

"भिंतीवर तर मेल्यावर लागणारच हाय की मी. त्याच्यासाठी एवढा आटापिटा कशाला?"

शेवटी फोटो हवा तसा आला. मी तो चढवला, आणि काय सांगू, चित्र निवडलं गेलं. मामांनी पेटीतला सफारी काढला. चित्र गोधडीत गुंडाळलं, मामींनी चपात्या बांधून घेतल्या, आणि आम्ही तिघं माझ्या गाडीनं पुण्याला निघालो. गॅलरीतल्या मुलीनं गोधडी सोडली आणि आतून मामी बाहेर आल्या त्या लालबुंद. मुलीनं हातातल्या मोबाईलकडं बघितलं, चित्राकडं बघितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या खऱ्या मामींकडं बघितलं.

"सर, हे तेच चित्र आहे ना?"

"तेच. खाली सही बघा."

"पण फोटोत तर..."

"फोटोत फेरफार नाही," मामा छाती काढून म्हणाले.

आतून एक वयस्कर गृहस्थ आले. फार सभ्य बोलले. चित्र फोटोशी जुळत नाही, त्यामुळे नियमात बसत नाही, म्हणाले. दुसरा कोणीही तिथं भांडला असता. मी तर बाह्या सरसावल्याच होत्या. पण नियम हा शब्द ऐकला आणि मामांनी खाली वाकून गोधडी उचलली. परतताना सुप्याला चहाला थांबलो, तर ते गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामींनी ते चित्र उचललं. घरात त्या तोंडाकडं बघवत नाही म्हणाल्या, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या भिंतीला खिळा होता त्याला अडकवून आल्या. थोड्या वेळानं वरून त्यांची हाक आली. आम्ही गेलो. शेडनेटखाली चित्रातल्या मामी पहिल्यासारख्या बसल्या होत्या, गव्हाळ, ओठांच्या कोपऱ्यात हसू, मांडीवर हिरवीगार मेथी. मामांनी चित्राकडं बघितलं, मग वर नेटकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. मी कुंड्या बघू लागलो.

"म्हणजे फोटो खराच होता," मामा हळूच म्हणाले.

"लागले की भिंतीवर," मामी म्हणाल्या. "आन् जित्ती असतानाच लागले."

मी म्हटलं, मामा, रंग काढा, नेट सोडू, नवा फोटो काढू. त्यांनी मान हलवली. आता हात लावायचा नाही. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी गच्चीवर नेतात. भिंतीवर मामांच्या सुरेख अक्षरात नियम आहेत. चपला खाली काढाव्यात. चित्राला हात लावू नये. नेट वर करू नये. बाजूला मामी स्वतः मेथी निवडत बसतात आणि कौतुक दोघींच्या वतीनं घेतात.

यंदा वादळात ते नेट फाटलं. भोकातून ऊन पडून चित्रातल्या मामींचा एक गाल पुन्हा लाल झाला, आणि मामा दोन घास कमी जेवायला लागले. मी जुन्या नेटचा तुकडा खिशात घालून कृषी सेवा केंद्रात गेलो. दुकानदारानं दाखवलेलं प्रत्येक नेट मी तुकड्याशी लावून नको म्हणत होतो. शेवटी तो वैतागला.

"अवो, हिरवं ते हिरवं. खाली हाय तरी काय, ढोबळी मिरची का रोपं?"

"सासूबाई," मी म्हणालो.

त्यानं माळ्यावरचा जुना गठ्ठा काढून दिला, आणि तोच हिरवा निघाला. मी गरजेपेक्षा बरंच जास्त घेतलं. हा रंग पुढं मिळेल न मिळेल, आणि मला ते दोघं आहेत तोवर पुरवायचंय.