लाडक्या मेंढीच्या पोटातला गोळा

सलीमच्या कळपातली अकरावी मेंढी तपासताना मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नुसते मणके हाताला लागत होते. महिन्याभरात तिचा सापळा झाला होता.

इकडे आखातात, रुवीतल्या आमच्या जनावरांच्या क्लिनिकपासून तासाभरावर, समुद्रकाठी त्याचा फार्म. माझी ही तिसरी व्हिजिट. जंतांचं औषध देऊन झालं होतं, लेंड्यांचा रिपोर्ट क्लीन. आता संशय एकच, जोन्स डिसीज. आतड्याचा चिवट संसर्ग, जनावर झिजून मरतं, औषध नाही. ब्लड सॅम्पल लॅबला गेलं होतं. पॉझिटिव्ह आलं तर कळप कापायचा, आणि सलीमचं घर त्या कळपावरच चालायचं.

"खायला काय देतोस?" मी पुन्हा विचारलं.

"गवत आणि जव. नेहमीचंच, डॉक्टर."

बॉसना फोन लावला. "रिपोर्टची वाट बघत बसू नकोस," ते म्हणाले. "एक मेंढी मारून, उघडून बघ."

सगळ्यात खंगलेली मेंढी सलीमच्या आईने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तो तयार होईना. शेवटी म्हातारीच बाहेर आली. मेंढीला कुरवाळून अरबीत काहीतरी बोलली. सलीमने मान खाली घालून सांगितलं, "हिला ने म्हणते. बाकीच्या वाचव."

मेंढीला इंजेक्शनने कायमचं झोपवून उघडली. आतडं ठीक दिसलं. मग पोट चिरलं. आत हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यांचा नारळाएवढा गोळा. मासेमारीच्या जाळ्याचे तुकडे. पोट गच्च भरलेलं आणि जनावर उपाशी.

"हे आलं कुठून?"

म्हातारीने कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. आत सुकवलेली तारली, बोटभर लांबीची बारीक मासळी. इकडे जनावरांना ती पिढ्यान् पिढ्या घालतात. यंदाची किनाऱ्यावरून झाडून भरलेली, त्यात तुटक्या जाळ्यांचे तुकडे. ती रोज मूठमूठ भरवायची. सलीमच्या लेखी तो खुराक नव्हताच, आईची हौस होती. "हिला दोन मुठी जास्त," म्हातारी म्हणाली.

आणि मी रत्नागिरीचा. सुक्या मासळीचा वास पहिल्या व्हिजिटपासून नाकात होता. घरची आठवण येऊन बरं वाटलं, विचारायचं मात्र सुचलं नाही. स्वतःचा असा राग मला क्वचितच आलाय.

ब्लड रिपोर्ट निगेटिव्ह आला. पाच मेंढ्यांची पोटं उघडून गोळे काढले, तीन जगल्या. बाकीचा कळप वाचला. म्हातारी आता तारली तांदळासारखी निवडून घेते.

मीही एक सवय लावून घेतली. फार्मवर गेलो की मालकाच्या आधी घरातल्या बायकांना विचारतो, लाडाने काय भरवता?