तिनं भरून ठेवलेला माठ

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. आधी खुलताबादला, मग शहरात. माणसं मरताना तिनं इतकी पाहिली होती की मरणाबद्दल ती भाजीच्या भावाबद्दल बोलावं तशी बोलायची, तेही जेवताना. "माझ्या घशात नळी घालू द्यायची नाय. घरी आणायचं, माठातलं दोन घोट पाणी तोंडात घालायचं, बास. घे शप्पथ." मी चिडायची. "जेव की गुमान!" पण ती ऐकेना, म्हणून एकदा भाकरीवर हात ठेवून शप्पथ घेऊन टाकली.

ती दुष्काळाची वर्षं. शहर चहूकडं वाढत सुटलेलं, आमच्या कॉलनीसमोर अपार्टमेंटवर अपार्टमेंट उभी राहत होती आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. नवं पाणी आलं की काही बायका उरलेलं 'शिळं' म्हणून ओतून द्यायच्या. आई दारातूनच ओरडायची, "पाणी कधी शिळं होतं का गं भवान्यांनो?" तिची फुप्फुसं तेव्हा निकामी होत आली होती. चार पावलं चालली की धाप लागायची, पण पाण्याच्या दिवशी माठाला मला हात लावू द्यायची नाही.

अशाच एका पाण्याच्या दिवशी तिनं माठ भरला, वर झाकण ठेवलं आणि दुपारी तिचे ओठ निळे पडले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "नळी टाकावी लागेल. दोन मिनिटांत सांगा." मी म्हटलं, "टाका." कुणी जबरदस्ती केली नाही. शप्पथही चांगली आठवत होती. मला आई हवी होती, दुसरं काही नाही.

ती नळी ओढायची म्हणून तिचे हात बँडेजनं पलंगाला बांधले. मी जवळ गेले की बांधल्या हाताचा अंगठा तोंडाकडं वळवायची. पाणी. सिस्टर म्हणायची, "नाही देता येत ताई, फुप्फुसात जाईल." हेच वाक्य आईनं जन्मभर लोकांच्या नातेवाइकांना सांगितलं होतं, तरी ती मागत होती. मी ओला कापूस ओठांवरून फिरवायची आणि बाहेर येऊन रडायची.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी जिन्यापाशी नेऊन हळूच सांगितलं, "आता सुधारणा नाही. घरी न्यायचं असेल तर न्या." मी आत जाऊन तिच्या कानाशी विचारलं, "आई, घरी जायचं?" तिनं डोळे घट्ट मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

धाकटा भाऊ वाळूजहून पाळी संपवून कंपनीच्या कपड्यांतच आला आणि भडकला. "नळी काढायची म्हणजे आपणच तिला मारायचं, ताई! डोकं फिरलंय का तुझं?"

"आणि हात बांधून जगवायचं, ते पुण्य का रे?"

वॉचमन धावत येईपर्यंत आम्ही भांडलो. शेवटी म्हटलं, "जा, तिचा अंगठा बघून ये." तो आत गेला. बाहेर आला तेव्हा भिंतीला टेकून खालीच बसला. मग खिशातून मोबाइल काढत म्हणाला, "ॲम्ब्युलन्स मी सांगतो."

सही करायच्या कागदावर लिहिलं होतं, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत. माझं टाळकं सरकलं. "अहो, सल्ला तर तुमचाच ना?" डॉक्टर खाली बघून म्हणाले, "मॅडम, आमचेही हात बांधलेले असतात." मोठमोठी माणसं यावर चर्चा करतात. कायदा म्हणतात, हक्क म्हणतात, पाप म्हणतात. करू देत. माझ्या नशिबी तो सगळा वाद त्या एका ओळीत आला आणि खाली सही माझी एकटीची होती.

नळी काढून, ऑक्सिजन लावून तिला घरी आणलं. इतके दिवस मी घरी फक्त आंघोळीपुरती येत होते, माठाला कुणी हात लावला नव्हता. झाकण काढलं. तिनंच भरलेलं पाणी, गार. पहिला चमचा गालावरून ओघळला. दुसरा घशाखाली उतरला. फाटलेल्या आवाजात ती म्हणाली, "लई उशीर केलास गं."

एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली, एक हात माझ्या हातात, एक भावाच्या.

मरण झालं की घरातलं भरलेलं पाणी ओतून देतात. बायकांनी हंडे रिकामे केले, कळशा पालथ्या घातल्या आणि माठ उचलायला आल्या. "हात लावाल तर याद राखा!" मी एवढ्या जोरात ओरडले की आईच ओरडली असं वाटलं. त्यांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. ते पाणी मी पुरवून पुरवून, एकटीनं प्यायले.

शप्पथ मोडली याची लाज वाटते. त्या आठ दिवसांत तिला एक घोट मिळाला नाही, हे आठवलं की आजही पाण्याचा पेला खाली ठेवते. आणि तरी खरं सांगते, उद्या कुणी ती दुपार परत आणली आणि दोन मिनिटांत सांगा म्हणालं, तर मी पुन्हा 'टाका'च म्हणेन. एवढी मला ती अजून हवी आहे.