चेहऱ्याशिवायचा फोटो

आज उदगीरजवळच्या एका गावात होते. दुष्काळात टँकर पाठवणाऱ्या एका संस्थेसाठी मी बातम्या आणि फोटो तयार करते.

टँकरखाली घागर धरलेल्या एका मावशींचा फोटो फार चांगला आला. मी तो त्यांना दाखवला. त्या आधी हसल्या, मग घाबरल्या.

"ताई, हे छापू नका. पोराची सोयरीक जमायली. पोरीकडचे पेपर वाचतेत. टँकरच्या गावात पोरगी कोण देईल?"

"मग त्यांना गावाबद्दल काय सांगितलंय?"

"उदगीर जिल्हा होणार हाय म्हून सांगितलंय. खोटं हाय का?"

शेजारीण म्हणाली, "पोरापेक्षा जिल्ह्याचीच तारीफ लई केली हिनं!"

फोटो मी त्यांच्यासमोरच पुसला.

मग नुसत्या घागरींच्या रांगेचा फोटो काढून पाठवला. दुपारी संस्थेतल्या साहेबांचा फोन आला. "नुसत्या घागरी? चेहरा दिसला तर लोक मदत करतात."

त्यांचं चूक नाही. मी म्हटलं, "सर, त्या चेहऱ्याला सून आणायची आहे."

ते म्हणाले, "बरं. घागरींचाच लाव."

गावाची तहान सगळ्यांना दिसावी, हे माझं काम. मावशींना ती फक्त एका घरापासून लपवायची होती. तुम्ही काय केलं असतं?